ते वाक्य तुझं आहे

३ नोव्हेंबर

धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. म्हणजे आपल्या घरातलं नाही. आमच्या भागातले फोन आणि इंटरनेट बंद केलेत. अफवा पसरू नयेत म्हणून, असं पोलिसांनी भोंग्यावरून सांगितलं, आणि तेव्हापासून अफवांना नुसता ऊत आलाय. टपाल मात्र चालू आहे. ते बंद करायचं कुणाच्या डोक्यात आलं नसावं.

टायरच्या दुकानातला पोरगा गेला, हे तू टीव्हीवर पाहिलं असशील. स्कूटरवरून घरी येत होता, पोलिसांची गाडी मागे लागली, तो पुलाच्या भिंतीवर आदळला. पोलीस म्हणतात, पाठलाग केलाच नाही. आपल्या चौकातल्या निम्म्या खिडक्यांनी तो पाहिलाय. दुसऱ्या दिवशी पोरं रस्त्यावर आली, आणि संध्याकाळी माझी बस जाळली.

मला काही झालेलं नाही. शेवटच्या थांब्याच्या अलीकडे चेहरे झाकलेली पोरं आडवी आली. त्यातली एक उंच आकृती माझ्या खिडकीशी येऊन म्हणाली, "काकू, इंजिन बंद करा. मागचं दार उघडा आणि रॅम्प टाका, आजोबांना मी घेते." चाकाच्या खुर्चीतले एक आजोबा होते बसमध्ये. ती 'घेते' म्हणाली आणि मी ओळखलं. आपल्या समोरच्या दारातल्या शेजारणीची मुलगी. तू तिला पाहिलंस तेव्हा शाळेत होती. आता लिफ्टदुरुस्तीचं काम शिकलीय, पण अर्जावरचा पत्ता वाचला की कुणी मुलाखतीला बोलावत नाही. उंचीमुळे सगळे तिला जिराफ म्हणतात.

मी विचारलं, "तू काय करतेस इथं?" ती म्हणाली, "भांडण नंतर करा काकू, आधी माणसं उतरवा." तिनं खुर्ची एकटीनं खाली नेली. मागून एकजण पेटती बाटली घेऊन आला, तर त्याच्या अंगावर धावून गेली. सगळ्यांत शेवटी मी उतरले. मग त्यांनी बस जाळली आणि ती बघत उभी राहिली. तिनं थांबवलं नाही त्यांना, हेही लिहिते.

मी चिडलेय, धाकट्या. माझी बस होती ती. त्या गाडीचा क्लच कसा दाबायचा हे फक्त मला कळायचं. पण त्या पोराच्या आईला अजून कुणी भेटायला गेलेलं नाही, सरकारातलं एक माणूससुद्धा. तू मंत्रीबाईंच्या इतक्या जवळ बसतोस. त्यांना म्हणावं, फौजेच्या आधी एखादा माणूस पाठवा.

तुझी ताई


८ नोव्हेंबर

ताई,

तुझं पत्र मिळेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. डेपोत फोन लावत होतो, लागत नव्हता. ऑफिसमध्ये बातमी आली की बस जळाली आणि चालक बाई आहे. मी तोंडातून बोलून गेलो, "ती माझी बहीण असणार." सचिवांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं मी त्यांच्या केबिनसमोर बसतो, पण माझी बहीण बस चालवते हे त्यांना माहीत नव्हतं. मीच कधी सांगितलं नव्हतं म्हण.

आता जरा शांतपणे वाच. मंत्रीबाई तुझा सत्कार करणार आहेत. पदक, टाळ्या, सगळी वर्तमानपत्रं. तू सगळ्या उतारूंना सुखरूप उतरवलंस, हे खरंच आहे ना? आपल्यासारख्या घरातली बाई, आई-वडील परदेशातून आलेले, आणि ती या देशासाठी इतक्या हिमतीनं उभी राहते, हे लोकांना दिसलं पाहिजे. तुझ्या भागातल्या लोकांचंही त्यात भलं आहे. सगळे एका माळेचे मणी नाहीत, हे त्यातून कळतं.

उपायही ठरलेत. अठराच्या आतल्या मुलांनी अंधार पडल्यावर घराबाहेर राहायचं नाही. दंगलीत पकडलेल्यांच्या कुटुंबांना सरकारी घरं सोडावी लागतील. आणि युवकांसाठी एक मोठं केंद्र. दुसरी गोष्ट कडक वाटेल, पण लोक भडकलेत, सरकारला काहीतरी करताना दिसावंच लागतं. तिसरी माझी सूचना होती.

एक विनंती. त्या उंच मुलीबद्दल सध्या कुठं बोलू नकोस. विषय नाजूक आहे.

तुझा
धाकटा


१२ नोव्हेंबर

धाकट्या,

जिराफला धरून नेलं. सकाळी मी चहा घेत होते तेव्हा जिन्यात बूट वाजले. त्यांनी समोरचं दार ठोकलं. मी माझं उघडून उभी राहिले.

इन्स्पेक्टर म्हणाला, "मुलाला बाहेर काढा."

शेजारीण म्हणाली, "मला मुलगा नाही."

"खोटं बोलू नका. कॅमेऱ्यात दिसलाय. उंच, टोपी घातलेला."

"साहेब, देवानं मला तीन मुली दिल्या. मुलगा कुठून आणू?"

तेवढ्यात जिराफ दात घासत आतून आली. चूळ भरून म्हणाली, "टोपीवाला मीच. चपला घालू का?" इन्स्पेक्टरला मान वर करून तिच्याकडे बघावं लागलं. जिन्यातली माणसं हसली, आणि त्या हसण्याचा राग त्यांनी तिचे हात पिरगाळून काढला.

मी मागोमाग ठाण्यावर गेले. म्हटलं, मी त्या बसची ड्रायव्हर, मला जबाब द्यायचाय. तिनं कुणाला हात लावला नाही, उलट आजोबांना उतरवलं. टेबलामागचा माणूस म्हणाला, "बाई, तुमचं म्हणणं आम्हाला माहीत आहे. मंत्र्यांनीच सांगितलं ना काल." मी टीव्ही पाहिला नव्हता. त्यानं मोबाइलवर लावून दाखवला, ठाण्यातलं नेट चालू आहे. मंत्रीबाई सांगत होत्या, "एका उंच, चेहरा झाकलेल्या दंगेखोरानं जरबेच्या आवाजात धमकावून आमच्या बसचालक भगिनीला खाली उतरायला भाग पाडलं."

जरबेच्या आवाजात. हा शब्द आपल्या घरात फक्त तूच वापरतोस. शाळेच्या निबंधात 'माझ्या वडिलांच्या आवाजात जरब आहे' असं लिहिलं होतंस आणि बाबा आठवडाभर हसत होते, कारण त्यांच्या आवाजाला मांजरसुद्धा उठत नसे. ते वाक्य तुझं आहे, धाकट्या. मी धमकी हा शब्द उच्चारला नव्हता, आणि तू मला विचारलंही नाहीस.

आज शेजारणीच्या दाराला नोटीस चिकटवलीय. महिनाअखेर घर खाली करायचं. मोठी अजून कोर्टात उभीसुद्धा राहिली नाही, आणि धाकट्या दोघींनी शाळेचं दप्तर कुठं ठेवायचं ते तुझ्या सरकारनं सांगितलेलं नाही.

मला एकच सांग. वाक्य तुझं की नाही?

ताई


१५ नोव्हेंबर

ताई,

वाक्य माझं आहे.

पहिल्या दिवशी पोलिसांकडून दोन ओळी आल्या होत्या, 'उंच इसमाने चालकास उतरण्यास सांगितले.' तुझं पत्र तोवर यायचं होतं. भाषण संध्याकाळपर्यंत हवं होतं. 'सांगितले' हा शब्द भाषणात उभा राहत नाही, म्हणून मी तो वाढवला. तेच भाषण पुढं पुन्हा वापरलं गेलं. तुझं पत्र आल्यावर मी ते बदलू शकलो असतो का? सचिवांना विचारलं, ते म्हणाले, गेलेलं वाक्य परत येत नाही.

पण माझं जरा ऐकून घे. तू त्यांची बाजू घेतेस, आणि बस तुझी जळाली. दवाखान्याच्या काचा फोडल्या, तिथं आपल्याच लोकांचे उपचार होतात. आपणही त्याच जिन्यात वाढलो ना? आपल्यालाही शाळेत बाकाच्या टोकाला बसवलं. आपण काही जाळलं नाही. मी अभ्यास केला, तू लायसन्स काढलंस. मी या इमारतीत जिथं पोहोचलोय तिथं आपल्यातला दुसरा कुणी नाही. मी उठून गेलो तर त्या खोलीत आपल्या वस्तीचा जिना पाहिलेला एकही माणूस उरणार नाही. राहिलो तर निदान थोडं मऊ करता येतं.

आणि ते करायला मी तयार आहे. तू सत्काराला ये, चार शब्द गोड बोल. मंत्रीबाई खूश झाल्या की मी योग्य वेळी विषय काढतो. मुलीचं कलम सौम्य होईल, नोटीस पुढं ढकलली जाईल. मी शब्द देतो. रागानं काही मिळणार नाही, ताई. असं मिळेल.

तिकीट सोबत पाठवतोय.

धाकटा


१९ नोव्हेंबर

धाकट्या,

तिकीट मिळालं. येते. लगेच खूश होऊ नकोस.

तुझं केंद्र उघडलं. जुनं वाचनालय आठवतं? पैसे नाहीत म्हणून बंद केलं होतं, तिथंच. भिंतींना केशरी रंग, आणि मधोमध बॉक्सिंगचं रिंगण. पोरांच्या अंगातला राग बाहेर पडावा म्हणून, असं उद्घाटनाला आलेला माणूस म्हणाला. मग त्यानं सगळ्यांना रंगीत चिकट कागद वाटले आणि आपापली अडचण लिहून फळ्यावर लावायला सांगितलं. टायरवाल्या पोराच्या बहिणीनं लिहिलं, 'माझ्या भावाला कुणी मारलं?' त्या माणसानं तो कागद जरा वेळ हातात धरला आणि 'इतर' या रकान्याखाली लावला. पोरं उठून निघून गेली. यावेळी कुणी काच फोडली नाही. मला वाटतं, पोरं आधीपेक्षा जास्त चिडली होती.

आपण काही जाळलं नाही, असं लिहितोस. खरंय. आपल्याला वाटायचं, नीट वागलो तर एक दिवस मूळचे कुठले म्हणून कुणी विचारणार नाही. ही पोरं आपल्याला बघत मोठी झाली. मी इतकी वर्षं वेळेवर गाडी काढते आणि अजून चढणारा माणूस विचारतो, तुम्हाला रस्ता माहीत आहे ना. हे त्यांनी माझ्या मागच्या सीटवर बसून ऐकलंय. त्यांनी जाळली ते चूक, हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, रोज सांगते. पण त्यासाठी मला तुझ्या मंत्रीबाई लागत नाहीत.

आणि तो सौदा राहू दे. मी गोड बोलले तर जिराफ सुटेल, याचा अर्थ तिनं काही केलं नाही हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून आत ठेवलीय.

शेजारणीनं रिकामी खोकी आणून ठेवली होती. काल संध्याकाळी जिन्यातल्या सगळ्या बायका तिच्याकडे जमलो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते, दिवसभर उभी असते, जास्त बोलत नाही. आम्ही विचारलं, तुझं काय ठरलं. ती म्हणाली, "मी जाणार नाही. उचलून न्यावं लागेल, आणि मी हलकी नाही." मग आम्ही खोकी पायांनी चेपून कचऱ्यात टाकली. नोटिशीच्या दिवशी सगळ्याजणी जिन्यात बसणार आहोत.

सत्काराला गणवेश घालून येते. इस्त्री करून ठेवलाय.

ताई


२४ नोव्हेंबर

ताई,

तू परस्पर स्टेशनवर निघून गेलीस. मी मागे धावत आलो होतो, गाडी सुटताना दिसली. म्हणून लिहितोय, मला जसं दिसलं तसं, आणि तुला न दिसलेलंही.

तू माइकसमोर उभी राहिलीस तेव्हा मी पडद्याच्या कडेला होतो. माझ्या हातात तुझ्यासाठी लिहिलेल्या चार ओळी होत्या. तू त्या माझ्याकडून घेतल्यासुद्धा नाहीस. "मी ड्रायव्हर आहे, मला भाषण येत नाही," असं म्हणालीस तेव्हा लोक कौतुकानं हसले. मग म्हणालीस, "मला कुणी धमकावलं नाही. एका मुलीनं मला माणसं उतरवायला सांगितली आणि उतरवायला मदत केली. तिला तुम्ही तुरुंगात ठेवलंय, आणि तिच्या आईला घराबाहेर काढताय. त्यात हे पदक कुठं बसतं ते मला कळत नाही."

मंत्रीबाई हसऱ्या चेहऱ्यानं पुढं झाल्या. "ताईंच्या मनावर फार ताण आलाय."

तू म्हणालीस, "ताण आलाय. पण ऐकू नीट येतं. तुमचं भाषण मी सगळं ऐकलंय." आणि पदक त्यांच्या हातात परत देऊन, "हे सध्या तुमच्याकडेच असू दे," म्हणून पायऱ्या उतरून गेलीस. टाळ्या कुणी वाजवायच्या हे कुणाला कळेना. मागच्या रांगेत साफसफाईच्या बायका उभ्या होत्या, त्यांनी सुरुवात केली.

नंतर सचिवांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "बहीण तुमची आहे, म्हणजे तुम्हीच नीट लिहाल. चालक बाई धक्क्यातून सावरलेल्या नाहीत, त्यांचं बोलणं आजाराच्या संदर्भात घ्यावं. उद्या सकाळी वर्तमानपत्रांना जायला हवं." जाताना खांद्यावर हात ठेवला. "तुमच्यावर माझा विश्वास आहे. तुम्ही त्यांच्यासारखे नाही."

ताई, हे वाक्य मी इथं पुष्कळदा ऐकलंय. आजवर मला ती शाबासकी वाटायची.

मी लिहायला बसलोय. शब्द पटापट येतायत, तेच वाईट आहे. 'आजार' लिहिला की तुझी नोकरी जाईल, हे मला कळतं. नाही लिहिला तर माझी. मी काय करीन ते मला अजून माहीत नाही. खोटं कशाला सांगू.

धाकटा


१ डिसेंबर

धाकट्या,

फोन सुरू झालेत, पण हे लिहायचंच होतं. तुझं पत्र आणि वर्तमानपत्र एकाच दिवशी हातात पडलं. आधी वर्तमानपत्र वाचलं, शेजारणीनं आणून दिलं म्हणून. मंत्रालयाचं निवेदन म्हणून काय छापलंय ते शोधत होते, तर एका निवेदनाखाली तुझं नाव. 'बसचालक महिलेला धमकावल्याचे वाक्य मी लिहिले. ते तिने कधीही म्हटलेले नाही. ते खोटे आहे हे कळल्यानंतरही ते वापरले गेले.' तीन वाक्यं, आणि एकातही विशेषण नाही. तुझ्या हातून असं कधी लिहिलं गेलं नव्हतं.

तुला काढून टाकल्याची बातमी रेडिओवर ऐकली. मलाही डेपोनं सक्तीच्या रजेवर पाठवलंय, डॉक्टरचा दाखला आण म्हणतात. आणते.

काल नोटिशीचा दिवस होता. आम्ही सकाळपासून जिन्यात बसलो, प्रत्येक पायरीवर दोघीदोघी. पोरांना मुद्दाम घरात बसवलं. त्यांच्या हातात नुसता मोबाइल असला तरी पोलीस तो दगड म्हणून लिहितात. अधिकारी आला, सोबत कुलूपवाला आणि पोलीस. अधिकाऱ्यानं विचारलं, "तुमच्यापैकी या घरात राहणारं कोण?" सगळ्याजणी म्हणाल्या, मी. तो वैतागला. तेवढ्यात डेपोतले ड्रायव्हर आले, पाळी संपवून, गणवेशातच. खालच्या पायऱ्यांवर बसले.

मी तुझं निवेदन मोठ्यानं वाचलं. अधिकारी म्हणाला, "याचा घराशी काय संबंध?" शेजारीण वरच्या पायरीवरून म्हणाली, "ज्या वाक्यावरून मुलगी धरली ते खोटं निघालं. आता माझं घर कुठल्या वाक्यावरून घेताय?" त्यानं दोनतीन फोन केले. मग सुनावणी होईपर्यंत कारवाई थांबवतो म्हणाला. रद्द म्हणाला नाही, थांबवतो म्हणाला. पण गेला.

जिराफला जामीन मिळाला. मी मिठी मारायला गेले तर ती ताठ उभी. "काकू, मी आभार मानणार नाही. मी काही केलं नव्हतं, त्याबद्दल आभार कसले?" मी म्हटलं, बरोबर आहे. तुझ्याबद्दल सांगितलं, तर म्हणाली, "साक्षीला येणार असेल तर येऊ दे. पण माझी माफी मागत बसू नये. कोर्टात बोलावं."

तू ये. पलंग लहान पडेल, पाय बाहेर काढून झोप.

ताई


९ फेब्रुवारी

धाकट्या,

साक्ष देऊन तू पुन्हा तिकडं नोकरी शोधायला गेलास, पण निकालाला हवा होतास.

जाळपोळीचं कलम काढलं. तुझी साक्ष आणि खुर्चीतल्या आजोबांची, दोन्ही न्यायाधीशांनी वाचून दाखवल्या. आजोबांचं एक वाक्य त्यांनी दोनदा वाचलं, 'तिनं मला पांघरुणासकट उतरवलं.' बेकायदा जमावाचं कलम मात्र राहिलं. दंड, आणि काही महिने तुझ्या केशरी केंद्रात सक्तीची सेवा. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "तुला पश्चात्ताप वाटतो का?"

तिचा वकील हळूच मान हलवून 'हो म्हण' सांगत होता. मला दिसत होतं. तिलाही दिसत होतं.

ती म्हणाली, "बस जळाली त्याचं वाईट वाटतं, ती काकूंची होती. पण मी तिथं उभी होते त्याचा पश्चात्ताप नाही. आमच्यातला एक मेला होता. मी घरी बसले असते तर आज तुम्ही मला काहीच विचारलं नसतं." न्यायाधीशांनी दंड वाढवला. आम्ही बाहेर येऊन तिथल्या तिथं वर्गणी काढली, आणि तिनं भर रस्त्यात आमच्याशी भांडून ती परत करायला लावली. हप्त्यानं भरीन म्हणते. एका लिफ्टवाल्यानं कामावर घेतलंय, अर्जावरचा पत्ता न बघता.

शेजारणीचं घर राहिलं. घरं काढून घ्यायचा नियम तसाच आहे, मंत्रीबाईही तशाच. मला डेपोनं परत घेतलं, पण लांबच्या मार्गावर टाकलं, जिथं मला कुणी ओळखत नाही. पहिल्याच दिवशी एका बाईनं विचारलं, तुम्हाला रस्ता माहीत आहे ना. मी म्हटलं, नाही, तुम्ही सांगा, आपण दोघी मिळून शोधू. ती पुढच्या थांब्यावर उतरली.

टायरवाल्या पोराच्या चौकशीचं अजून नाव नाही. त्याची बहीण दर सोमवारी ठाण्यासमोर उभी राहते, आता तिच्यासोबत आम्ही काहीजणी असतो.

आणि काल पाण्याच्या टाकीपलीकडच्या इमारतीत एका आजीच्या घराला नवी नोटीस लागली. तिचा नातू अजून आत आहे, आणि त्यानं काच खरंच फोडली होती. आमच्यातल्या एकदोघी म्हणाल्या, याची गोष्ट वेगळी आहे. शेजारीण म्हणाली, "काच त्यानं फोडली. त्याच्या आजीनं काय केलंय?"

उद्या सकाळी आम्ही त्या जिन्यात बसायला जातोय.

ताई